पाटा वाढवून दे

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. चहा झाल्याबरोबर चुलतभाऊ म्हणाला, "दादा, जरा बाहेर ये, गाडी दाखवतो." आता गाडी म्हणजे काही नवीन नव्हे, तीन वर्षांपूर्वी घेतलेली जुनी पिकअप. तो खाली बसला, मागच्या चाकाआड हात घातला आणि म्हणाला, "हे बघ पाटे. सरळ झालेत. माल भरला की गाडी मागं बसते. दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे वाढवून घ्यायचेत. निम्मे पैसे तू दे, पुढच्या हंगामात फेडतो."

हंगामात हा उसाचं वाढं वाहतो आणि बाकीच्या दिवसांत डाळिंबाचे क्रेट. साधारण वीस किलोचा एक असे साठ क्रेट आता नेतो, म्हणजे बाराशे किलो. पाटे वाढवले की नव्वद बसतील, असा त्याचा हिशोब. खेप तेवढीच, डिझेल जवळजवळ तेवढंच, आणि पैसे दीडपट. मुलीची बारावी आहे, पुढच्या वर्षी तिला पुण्याला ठेवायचं आहे. हिशोबात चूक काढायला मला जागा दिसली नाही. तरी "उद्या सांगतो" म्हणालो.

रात्री माळवदावर झोप येईना. हा प्रश्न आपण आधी कधीतरी ऐकलाय, असं सारखं वाटत होतं. मग लक्षात आलं, की ऐकलाय खरा, आणि तोही याच घरात दोनदा. गाडीला जास्त वजन पेलायला लावायचं कसं, या एकाच प्रश्नाभोवती आमच्या घरच्या तीन पिढ्या फिरल्या आहेत. आमच्याच कशाला, बारामती-इंदापूरच्या सगळ्या बागायती पट्ट्याचा इतिहास या बाजूनं लिहिता येईल. तर तोच थोडासा लिहून बघतोय.

सुरुवात आजोबांच्या गाडीपासून करू. लाकडी गाडी, बाभळीची. मधे तुंबा, त्यात बसवलेले आरे, भोवती पुठ्ठे आणि त्यावर तापवून चढवलेली लोखंडी धाव. धाव चढवायचा दिवस म्हणजे आम्हा पोरांना जत्रा. लाल झालेली धाव चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं, की ती आकसून लाकडाला अशी आवळते की बोलायची सोय नाही. त्या गाडीला स्प्रिंग म्हणून काही नव्हती. साटीवरचं वजन थेट आसावर, आसावरून चाकावर, आणि रस्त्यातला प्रत्येक दगड तिथून उलट्या वाटेनं माणसाच्या मणक्यात आणि बैलाच्या खांद्यावर.

इंग्लंडात ओबेडिया इलियट नावाच्या गाड्या बनवणाऱ्या माणसानं १८०४ साली कमानीसारख्या पाट्यांच्या स्प्रिंगचं पेटंट घेतलं. ती सोय बग्गीत बसणाऱ्यांसाठी होती. बग्गी घोड्याच्या वेगानं पळते, म्हणून धक्के जास्त. आमच्या गाडीचा वेग बैलाच्या चालीचा आणि वर बसायला ज्वारीची पोती. पोत्याला धक्का लागला तर कोण विचारतो? त्यामुळे मालाच्या बैलगाडीला पाटे लावायची गरज कुणाला फारशी वाटलीच नाही. गाडी कमी भरायची, एवढाच उपाय. आजोबा पाऊण टनाच्या वर भरत नसत. त्यांना टन-किलो कळत नव्हतं. गाडी भरली की ते जू उचलून बघत. हाताला जड लागलं तर पुढं दाब आहे, जू वर यायला लागलं तर गाडी उलाळ आहे. दोन्ही बाबतीत ते माल सरकवत, आणि तरी जमलं नाही तर उतरवत.

या गाड्यांवर खरा ताण आला तो पाण्यामुळे. भाटघरच्या धरणाचं पाणी आणणारा नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात सुरू झाला आणि पुरंदर, बारामती, इंदापूरच्या दुष्काळी माळाला बागायत कळली. ऊस आला. पण सुरुवातीची कित्येक वर्षं ऊस शेतातच गाळला जायचा, गुऱ्हाळावर. म्हणजे गाडीत भरला जायचा गूळ. दहा टन उसाचा जेमतेम टनभर गूळ होतो. वजनाचा मोठा भाग रस आटवताना वाफ होऊन जायचा, नाहीतर चिपाडं होऊन चुलवाणात जळायचा. लाकडी गाडीला ते परवडत होतं.

साखर कारखाना आला आणि हे गणित उलटं झालं. आता अख्खा ऊस कारखान्यापर्यंत न्यायचा, तोही तोडल्यावर लवकरात लवकर, कारण तोडलेला ऊस पडून राहिला की वजनही घटतं आणि साखरही. इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात कारखाना उभा केला, तेच वालचंदनगर. तिथं हजारो एकरांचा मळा एकाच कंपनीच्या ताब्यात होता, त्यामुळे शेतातला ऊस आणायला त्यांनी छोट्या मापाचे रूळ टाकले, छोटी रेल्वे चालवली. रुळांवर ओझं हलकं होतं, हे त्यांना कळलं होतं आणि परवडतही होतं.

सहकारी कारखान्यांचं तसं नव्हतं. १९५० च्या दशकात माळेगावचा कारखाना आणि भवानीनगरचा छत्रपती कारखाना निघाला, १९६० च्या दशकात सोमेश्वर आला. सभासद हजारो, रानं एकर-दोन एकरांची आणि सगळीकडे विखुरलेली. प्रत्येकाच्या बांधापर्यंत रूळ कोण टाकणार? तिथं जाऊ शकत होती फक्त बैलगाडी. मग बैलगाडीच सुधारायची ठरली.

ती सुधारली एका जनावरांच्या डॉक्टरनं, असं म्हटलं तरी चालेल. जॉन बॉइड डनलॉप हा बेलफास्टमधला पशुवैद्य. त्यानं १८८८ साली मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवा भरलेल्या रबरी टायरचं पेटंट घेतलं. त्याच्या नावाच्या कंपनीनं १९३६ साली बंगालमध्ये साहागंजला कारखाना काढला, आणि पुढं बैलगाड्यांसाठी खास टायर मिळू लागले. या टायरवर आजही इंग्रजी अक्षरं असतात, ए-डी-व्ही, म्हणजे जनावरानं ओढायचं वाहन. शिवाय चाकाच्या तुंब्यात बॉलबेअरिंग आलं, म्हणजे आसाला सारखं वंगण घालणंही गेलं. कित्येक गावांत या गाडीला अजून डनलॉपचीच गाडी म्हणतात, टायर दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा असला तरी. आमच्याकडे नुसतं 'टायरगाडी'.

टायरगाडीलाही पाटे नसतात. पण टायरमधली हवा हीच तिची स्प्रिंग. चाकाखाली खडा आला की लोखंडी धाव सगळी गाडी वर उचलते, टायर मात्र तेवढ्यापुरता दबतो आणि खडा गिळून टाकतो. मऊ मातीत धाव रुतते, टायर पसरून वर राहतो. म्हणजे तेवढंच वजन ओढायला बैलाला ताकद कितीतरी कमी लागते. रस्तेवालेही खूश, कारण अरुंद लोखंडी धावांनी रस्त्याला चाकोऱ्या पडायच्या, त्या थांबल्या.

काकांनी टायरगाडी घेतली तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. सगळ्यांत जास्त आनंद आजोबांना झाला होता. रिकाम्या गाडीला एका हातानं ढकलून ते म्हणाले, "आता जनावराला सुख झालं." पोळ्याच्या आदल्या दिवशी आजोबा स्वतः बैलांची खांदेमळण करत. कोमट पाण्यानं खांदे शेकायचे, मग हळद आणि तूप लावून बराच वेळ चोळत बसायचे. वर्षभर ज्या खांद्यानं सगळे धक्के खाल्ले, त्याला एक दिवस तूप. आता त्या खांद्याला रोजच आराम, असं त्यांना वाटलं.

पहिल्या हंगामात काकांच्या काट्याच्या पावतीवर सव्वा टन यायला लागलं. मग दीड. तिसऱ्या हंगामात दोन टनांच्या वर. आजोबा जू उचलून बघायला जायचे तर त्यांना ते उचलेना. काका म्हणायचे, "आण्णा, ही जुनी गाडी नाही. हिला पेलतं." आणि ते खरंच होतं. गाडीला पेलत होतं.

कॅनॉलच्या पुलाचा चढ आहे, भवानीनगरच्या वाटेवर. तिथं एका पहाटे पाखऱ्या गुडघ्यावर आला. मी गाडीवर बसलो होतो म्हणून मला माहीत आहे. चढावर वजन मागं सरकतं आणि उतारावर सगळं मानेवर येतं. दोनच चाकांच्या गाडीचा तोल सांभाळणारा तिसरा आधार म्हणजे बैलाची मान, आणि त्या आधाराला ना टायर, ना बेअरिंग, ना पाटा. मागच्या गाड्यांवरची बीडकडची माणसं धावत आली, गाडीला दगडांची उटी लावली, चाळीसएक मोळ्या उतरवल्या. पाखऱ्या उठला. खांदा मात्र असा सुजला की पुढचा महिनाभर त्याला जू लावता आलं नाही. काकांनी त्या महिन्यात भाड्याचा बैल आणला. भरती कमी केली नाही, कारण पैसे टनावर होते, आणि गाडीचा हप्ता पावतीवर नाही, तारखेवर असतो.

काकांना दोष द्यावा असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही. कारण हीच गोष्ट सरकारी कागदातही आहे. ओढकामाच्या जनावरांना क्रूरतेनं वागवू नये म्हणून केंद्र सरकारनं १९६५ साली नियम केले. त्यात लहान बैलाच्या दुचाकी गाडीसाठी वजनाची कमाल मर्यादा दिली आहे. साध्या चाकाला ५०० किलो, हवेच्या टायरला ७५०, आणि बॉलबेअरिंग असेल तर १०००. नियम चांगल्या हेतूनं केलेला, त्यामागचं शास्त्रही बरोबर. पण जरा थांबून वाचा. चाक सुधारलं की बैलाचं काम हलकं होतं. ती जी काही हलकाई वाचली, ती बैलाच्या वाट्याला किती येणार? नियम म्हणतो, तेवढं वजन वाढवा. सुधारणेनं मिळालेला सगळा फायदा मालाच्या नावे जमा. आणि काट्यावर तर या मर्यादेचं नाव काढलेलंही मी कधी ऐकलं नाही.

असो. पुढं जाऊ.

तिसरी गाडी आमच्या घरात आली ती भावाची, मालवाहू तीनचाकी. आणि ती खास बारामतीची! इटलीच्या पियाज्जो कंपनीनं भारतातल्या भागीदाराबरोबर १९९९ साली बारामतीच्या एमआयडीसीत 'आपे' बनवायला सुरुवात केली. ही आपे मूळची १९४८ ची. महायुद्धात होरपळलेल्या इटलीत लोकांकडे मोटार घ्यायला पैसे नव्हते, पण माल तर वाहायचाच होता. तेव्हा कोरादिनो दास्कानिओ या इंजिनिअरनं आपल्याच वेस्पा स्कूटरला मागं दोन चाकं आणि हौदा जोडला. वेस्पा म्हणजे गांधीलमाशी, आपे म्हणजे मधमाशी, कामसू. पहिली आपे दोनशे किलो वाहायची.

बारामतीत बनलेली आपे अर्ध्या टनाच्या आसपास माल न्यायची, म्हणजे कंपनीच्या हिशोबानं. मागच्या चाकांना पाटे नाहीत. प्रत्येक चाक वेगळ्या दांड्यावर, आणि त्यावर रबराचा दट्ट्या व शॉकॲब्सॉर्बर, ज्याला आमच्याकडे सगळे शॉकप म्हणतात. रबराची गंमत अशी, की थोडा दाब आला तर ते सहज दबतं आणि जास्त आला तर घट्ट होत जातं. त्यामुळे रिकामी गाडी फार आदळत नाही आणि भरलेली एकदम बसत नाही. डोकं लावून केलेलं काम आहे. पण घट्ट होत जाणाऱ्या रबराकडे बघून आमच्या भावानं काय निष्कर्ष काढला, ते तुम्ही ओळखलं असेलच. अर्ध्या टनाच्या गाडीत तो टनभर घालायचा. रबर टिकलं. टायर फुटले, आणि एकदा चासीला तडा जाऊन ती वेल्डिंग करून आणावी लागली. इथं खांदा सुजायला बैल नव्हता, पण चार वर्षांत भावाची कंबर गेली. डॉक्टरांनी पट्टा दिला तो अजून खुंटीला आहे.

आणि आता पिकअप.

सकाळी मी त्याच्याबरोबर पाटेवाल्याकडे गेलो. मिस्त्री वयस्कर होता, बोलायला मोकळा. त्यानं पाट्यांचा जुडगा खोलून दाखवला. सगळ्यात वर मेन पाटा, दोन्ही टोकांना डोळे असलेला, त्याच्याखाली एकेक आखूड होत जाणारे. वजन आलं की सगळे मिळून वाकतात आणि एकमेकांवर घासतात. त्या घासण्यातच थोडा धक्का जिरतो. पाटा वाढवला की जुडगा ताठ होतो, गाडी मागं बसत नाही.

"मग नव्वद क्रेट चालतील?" भावानं विचारलं.

"पाट्याला चालतील," मिस्त्री म्हणाला. "बेअरिंगला, ब्रेकला, टायरला विचार. त्यांना मी वाढवलेलं नाही."

मला तिथंच पूल आणि पाखऱ्या आठवला. पाटे ताठ केले म्हणून ब्रेकचं लायनर मोठं होत नाही. टायरवर छापलेलं वजन बदलत नाही, आरसी बुकातलंही नाही. उलट मागं बसणारी गाडी निदान सांगत तरी असते, की आता पुरे. पाटा वाढवला की ते सांगणं बंद होतं. आजोबा जू उचलून जे बघायचे ते हेच होतं.

आणि जो रस्ता हे सगळं झेलतो त्याचं तर विचारूच नका. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर वेगवेगळ्या वजनाचे ट्रक दोन वर्षं फिरवले होते. त्यातून निघालेला ठोकताळा असा, की आसावरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याची झीज दुप्पट नाही, साधारण सोळापट होते. आपल्याकडे २०१८ साली ट्रकच्या आसावरची मर्यादा वाढवली, चार टायरच्या आसाला १०.२ टनांवरून ११.५ टन केली. कारणांतलं एक हेही, की नव्या गाड्यांना आणि नव्या रस्त्यांना आता जास्त पेलतं. "हिला पेलतं." काकांचंच वाक्य.

मग सुधारणा करूच नयेत का? तसं मला म्हणायचं नाही. टायरगाडी आली नसती तर त्या लाकडी चाकांनी बैलांचे आणखी हाल झाले असते. २०२२ साली सांगली जिल्ह्यात इस्लामपूरजवळच्या राजारामबापू इन्स्टिट्यूटमधल्या मुलांनी बैलगाडीच्या जुवाखाली फिरणारं एक जादा चाक बसवलं आणि त्याला 'सारथी' नाव दिलं. ते वृत्त वाचलं तेव्हा मी एकटाच हसलो होतो. इतक्या वर्षांनी कुणीतरी तो तिसरा आधार मानेवरून काढून चाकावर ठेवला! बुद्धीचं काम यापेक्षा वेगळं काय असतं? पण आनंदाच्या पाठोपाठ दुसरा विचार आला, की मान मोकळी झाली, आता गाडीत किती भरतील? चाक बनवणं विद्यार्थ्यांच्या हातात आहे. मोकळ्या झालेल्या मानेचा फायदा मानेलाच मिळू द्यायचा, हे मात्र टनाचा दर ठरवणाऱ्यांच्या आणि हप्ता वसूल करणाऱ्यांच्या हातात आहे. पाटेवाल्याच्या तर नाहीच नाही.

शेवटी मी काय केलं, ते सांगतो. मिस्त्रीला म्हटलं, सरळ झालेले पाटे बदल, बुश नवीन टाक, मागचे ब्रेक लायनर आणि दोन टायर माझ्याकडून. जादा पाटा नको. भावाचं तोंड उतरलं. तो म्हणाला, "तुझं बरोबर आहे दादा. पण साठ क्रेटमध्ये तिचं पुण्याचं भाडं बसत नाही." त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, म्हणून शेवटी प्रत्येक बाजूला एक-एक पाटा वाढवायला मी हो म्हणालो. पंच्याहत्तर क्रेटच्या वर जायचं नाही, असं वचन घेतलं. जणू मी आजोबाच! खरं म्हणजे पंच्याहत्तरही जास्तच आहेत, हे मला माहीत होतं आणि त्यालाही.

परवा त्याचा फोन आला. गाडी झकास झाली म्हणाला, मागं अजिबात बसत नाही.

मी विचारलं, "क्रेट किती?"

तर म्हणाला, "कॅनॉलच्या पुलावर आहे रे, आवाज येत नाहीये. घरी गेल्यावर करतो."

अजून केलेला नाही.